जागा

हिद्दच्या गोदीत बारा तास
लोखंडाला लोखंड जोडून झाल्यावर
बोटांत जे उरतं ते घेऊन
मी गच्चीवर येतो, पाण्याच्या टाक्यांमागे.
खाली खोलीत सहा जण.
तिघं दिवसा झोपतात, तिघं आत्ता,
आणि गिटार कुणाच्याच झोपेत मावत नाही.

रोदेलियो जहाजांची पोटं रंगवतो.
त्याच्या नखांतला लाल रंग आता निघायचा नाही.
इलोइलोत, कुठल्याशा हॉटेलात,
लोक जेवत असताना नऊ वर्षं वाजवायचा, म्हणे.
पहिल्या दिवशी मी त्याला सगळं दाखवलं:
पाच सूर खालून वर, वरून खाली,
मग तेच, जोरात.
तो म्हणाला, "तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे का?
किती वेळा जिना चढतोस!"

मग पाच तारा सोडवून
त्यानं खिशात घातल्या.
तिसरी तेवढी ठेवली.
एका तारेवर पळता येत नाही,
नुसतं सरकता येतं,
आणि सरकताना कळतं
दोन सुरांमध्ये किती लांबचा रस्ता असतो.

"आधी तोंडानं म्हण. जे म्हणता येत नाही
ते वाजवायचं नाही."
मी तोंड उघडलं तर काहीच नाही.
आठवडाभर काहीच नाही.
मग एका रात्री आपोआप आलं,
खटक्-खट्, खटक्-खट्.
इचलकरंजीत आमच्या शेडमधले चार माग,
धोटा इकडून तिकडे,
आणि धागा तुटला की अप्पांचा हात,
गाठ मारेपर्यंतची ती शांतता
जिच्यात आम्ही पोरं एकमेकांशी बोलून घ्यायचो.
रोदेलियोनं डोळे मिटले.
"हे कुठलं आहे?"
मी म्हटलं, "घरचं."
"मग इतके दिवस काय वाजवत होतास?"

दिवसा आमच्या जोडांचा एक्स-रे काढतात.
आत मोहरीएवढी हवा सापडली
तर जोड नापास. खरवडा, परत भरा.
तेरा वर्षं मी हेच शिकलोय,
फट दिसली की भरायची.
रात्री हा माणूस म्हणतो,
"तुझ्यात हवाच नाही. नापास."

मी त्याला मोडक्या हिंदीत सांगितलं
की आमच्याकडे गाणारा सुराला असा हलकेच वळवतो,
त्याला म्हणतात, जागा घेतली.
आणि इथे जागा म्हणजे वरचा पलंग,
महिना बत्तीस दिनार, उशी आपली आपण आणायची.
तो इतका हसला
की खालून नरसिम्हुलूनं छताला काठी ठोकली.

काल शुक्रवार. चारच कॉर्ड
तो गोल गोल फिरवत राहिला
आणि मी तीन सुरांचं एक वाक्य म्हटलं,
पुन्हा म्हटलं, शेवटचा शब्द बदलून.
एक बोट चुकून पुढच्या घरात पडलं.
लाज वाटली तरी मी ते तसंच, हळू,
मागे ओढत आणलं,
आणि ते रडल्यासारखं नाही, विचारल्यासारखं वाजलं.
तेवढ्यात मुहर्रकला उतरणारं विमान
आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून गेलं.
मी थांबलो.
तो थांबला नाही.
आवाज सरला, तरी मी थांबूनच,
एक फेरी, दोन,
तारेवर बोट ठेवून, न दाबता.
टाकीत पाणी पडत होतं.
शिहाब बादली घेऊन वर आला होता,
तोही दारातच उभा, बादली हातात.

खालून काठी. खट्.
बरोबर समेवर.

"आता," रोदेलियो म्हणाला.

काय वाजवलं ते नीट आठवत नाही.
शिहाब म्हणतो, थोडंसंच होतं.
कॉर्ड थांबल्यावर रोदेलियोनं खिशातून
गुंडाळलेली एक तार काढली, चौथी,
आणि माझ्या तळहातावर ठेवली.
दोन आधीच दिल्यात.
अजून दोन आहेत त्याच्याकडे.